दोन तासांच्या आत

धुळ्यात पहाटे पाच वाजता रस्त्यानं पळणारा माणूस दोनच प्रकारांतला असतो. भरतीची तयारी करणारा पोरगा, नाहीतर नुकतीच शुगर निघालेला. मी दुसऱ्या प्रकारातला. देवपुरात माझं मेडिकल आहे. तीसेक वर्षं एकाच काउंटरमागं बसून काढली, पोट पुढं आलं, आणि पन्नाशी ओलांडल्यावर लॅबवाल्या पोरानं माझाच रिपोर्ट माझ्याच काउंटरवर आणून ठेवला. तीन महिन्यांची सरासरी ६.६. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करायचीच आहे, पण आधी थोडे दिवस चालून दाखवा. मी तेवढ्यानंही खूश झालो. दिवसभर दुसऱ्यांना गोळ्या मोजून देणाऱ्याला स्वतःची गोळी सुरू झालेली आवडत नाही.

गोंदूर रस्त्यानं चालायला लागलो. एका पहाटे अंगावर पाऊस आला म्हणून घराकडं पळत सुटलो आणि लक्षात आलं की दम लागला तरी काही मरत नाही. तिथून पळणं सुरू झालं. दुधाचे कॅन मोटरसायकलला लटकवून येणारे एक बाबा गाडी हळू करून म्हणाले, "आप्पा, कसाले पयी ऱ्हायनात? मांगे कुत्रं लागनं का?" मी हसून हात केला. दोनेक महिन्यांत पाच किलोमीटर न थांबता जमायला लागलं, कमरेचा पट्टा दोन भोकं आत आला, शुगरही उतरली. एवढ्यावर थांबलो असतो तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

पण जळगावला माझा साडू राहतो.

जळगावात पळणाऱ्यांचा चांगला जम बसलेला आहे. जळगाव रनर्स ग्रुपची मंडळी पहाटे मेहरूण तलावाकडं जमतात, आणि 'खान्देश रन' त्यांचीच. साडूनं करोनाच्या आधी एकवीस किलोमीटर पळून मेडल आणलं होतं. वेळ दोन तास चार मिनिटं. ते मेडल त्याच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लटकतं, आणि आपण जेवायला गेलो की पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवर टकटक वाजतं. निदान मला तरी ते वाजताना ऐकू येतं. २०२२ च्या उन्हाळ्यात एका साखरपुड्यात, सगळे पाहुणे पंगतीत बसलेले असताना, मी जाहीर केलं की येत्या हिवाळ्यात मीही जळगावला पळणार, आणि पहिलीच हाफ दोन तासांच्या आत मारणार.

बायको तिथं काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "माणसं शुगरसाठी पळतात. तुम्ही साडूसाठी पळा."

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. हा चमत्कारिक आकडा लंडनहून आला. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. ते अंतर ४२.१९५ किलोमीटर भरलं, पुढं १९२१ साली तेच कायम झालं, आणि आपल्या वाट्याला त्याचं निम्मं आलं. दोन तासांच्या आत यायचं तर दर किलोमीटर पाच मिनिटं एकेचाळीस सेकंदांत काढावा लागतो, तोही एकवीस वेळा. मी हा हिशेब औषधाच्या बिलामागं मांडला आणि काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवला. तेव्हा माझा एक किलोमीटर सात मिनिटांचा होता.

तयारीतल्या बारीकसारीक चुका चटकन सांगून टाकतो, त्या सगळेच करतात. फोनवर सापडलेल्या तक्त्यात आठवड्यातून चार दिवस पळायचं होतं आणि त्यातले तीन सावकाश, बोलता बोलता पळता येईल इतके सावकाश. मला सावकाश पळायची लाज वाटायची, म्हणून चारही दिवस धापा टाकत पळायचो. नवरात्रात नऊ दिवस उपास केला आणि त्यातच लळिंगच्या चढावर सरावही केला. दिवाळीत पाहुणे आले म्हणून दोन रविवार बुडाले, तर तिसऱ्या रविवारी तिन्हींचं अंतर एकदम काढायला गेलो. उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू धरली ती त्या दिवशी. वहीत मात्र सगळे आकडे भरलेले होते. बारा पळालो की तेरा लिहायचो, तेवढीच मनाला उभारी.

आता माझ्या दुकानातल्या पोराबद्दल.

तो दोंडाईच्याकडच्या एका खेड्यातला. देवपुरात चार जणांत मिळून खोली, सकाळी मैदान, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी सहा ते दहा माझ्या दुकानात. माल लावायचा, खोकी मोजायचा, म्हाताऱ्यांच्या घरी औषधं पोचवायचा. पोलीस भरती करोनामुळं लांबत गेली होती आणि त्याच्यासारखी हजारो पोरं ताटकळत बसली होती. पोलीस शिपायाच्या मैदानी परीक्षेचे गुण ५०. त्यातले वीस सोळाशे मीटरला, पंधरा शंभर मीटरला, पंधरा गोळाफेकीला. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत काढलं की वीसच्या वीस. हा पोरगा ते अंतर पाच मिनिटांच्या आसपास काढत होता. बुटांचे तळ गुळगुळीत झालेले, तरीही.

मला पेसर हवा होता. मोठ्या शर्यतीत दोन तासांची पाटी घेऊन पळणारा असतो, त्याच्या मागं राहायचं असतं. मला तो स्वतःचा, घरचा हवा होता. मी त्याला म्हटलं, रविवारी माझ्याबरोबर येत जा, तुझा दम वाढेल. त्याची एंट्री फी मी भरली. बूटही घेऊन दिले, चांगल्या कंपनीचे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते बूट दाखवायचो, गरीब पोराला मदत करतोय म्हणून. तो खाली मान घालून खोकी मोजत असायचा.

सोळाशे मीटर आणि एकवीस किलोमीटर ही दोन वेगळी कामं आहेत. सोळाशेवाल्याला झपाटा लागतो, मातीचं मैदान लागतं, आणि मुख्य म्हणजे मध्ये विश्रांती लागते. तो आठवडाभर मैदानावर जीव तोडून पळायचा, आणि विश्रांतीच्या रविवारी मी त्याला डांबरी रस्त्यावर पंधरा-सोळा किलोमीटर घेऊन जायचो. पांझरेच्या काठानं निघायचं, नकाण्याच्या तलावाकडं जायचं आणि परत यायचं. त्याला नाही म्हणता आलं नसतं. पगार माझा, बूट माझे, आणि मी काका. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल. कळत होतं, पण मी त्याचं नाव उपकार ठेवलं होतं.

नोव्हेंबरात भरतीचे अर्ज निघाले. राज्यभरात १८ हजारांहून जास्त जागा. मैदान कधी लागेल याचा नेम नव्हता, पण आता लागणार हे नक्की होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं त्या दिवशी त्याला सांगितलं असतं, तुझं तू बघ, माझ्याबरोबर येऊ नकोस. मी म्हटलं, "आता आलंच आहे जवळ, एवढी हाफ मार आणि मग मैदान."

त्याच सुमाराला तो नडगीला हात लावायला लागला होता. स्टूलावरून उतरताना डावा पाय आधी टेकायचा नाही. मी म्हटलं बर्फ लाव, मलम लाव. ट्यूब दुकानातलीच दिली. पैसे घेतले नाहीत, हेही तेव्हा मनात नोंदवून ठेवलं होतं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जळगावला साडूकडं उतरलो. हिवाळा सुरू झालेला, म्हणजे भरिताचे दिवस. साडूनं मळ्यात बेत ठेवला होता. पऱ्हाट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, तेलाचा तवंग, आणि पुऱ्या. उद्या पळायचंय म्हणून साडूनं स्वतः दोन पुऱ्यांवर हात धुतला, आणि मला मात्र आग्रह करत राहिला. हा त्याचा डाव होता असं मी नंतर कितीतरी दिवस सांगत फिरलो. भरीत तिसऱ्यांदा मी मागून घेतलं होतं.

पहाटे पाचला ओट्यावर आलो तर पोरगा आधीच बूट घालून बसलेला. थंडी होती. माझा गुडघा रात्रीपासून ठणकत होता. खिशात डायक्लोफेनॅकची पट्टी होती, पन्नास मिलिग्रॅमची, दुकानातून निघतानाच घेतलेली. मी एक गोळी अर्ध्या कप चहाबरोबर घेतली. पोटात रात्रीच्या भरिताशिवाय काही नाही, पाणी दोन घोट.

मग त्याला विचारलं, "तुझा पाय?"

त्यानं ट्रॅकपँट वर केली आणि डाव्या नडगीवर, घोट्यापासून वीतभर वर, एक बोट ठेवलं. एकच बोट, एकाच जागी. म्हणाला, "काका, इथं हाडात दुखतंय. रात्रीपण दुखलं."

मी डॉक्टर नाही, पण तीस वर्षं काउंटरवर उभा आहे. दुखणं दाखवताना माणूस हाताचा तळवा फिरवतो की बोट रोवतो यात काय फरक असतो हे मला ठाऊक आहे. पळून पळून नडगी भरून आली असेल तर माणूस सगळी नडगी चोळून दाखवतो. बोट रोवलं, आणि रात्री पडल्या पडल्यासुद्धा दुखतं म्हणाला, तर ते हाड असू शकतं. अशा माणसाला मी आजवर एकच वाक्य सांगत आलो होतो, आधी डॉक्टरला दाखवा. त्या पट्टीवर तर छापलेलंच असतं की चिठ्ठीशिवाय विकू नये. मी काही विकत नव्हतो. पट्टी मोडून एक गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "घे. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

दोन तास माझे होते. त्याला दोन तासांशी काही देणंघेणं नव्हतं.

त्यानं गोळी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि घेतली. नंतर मी पुष्कळदा या जागेवर येऊन थांबलो आहे. त्यानं विचारलं असतं, वाद घातला असता, तर काय झालं असतं? पण औषधाच्या बाबतीत तो माझ्यावर विश्वास ठेवायचा. दुकानात बसून गिऱ्हाइकांना मी काय सांगतो हे तो रोज ऐकत होता.

सागर पार्कवर उजाडायच्या आत मेळा भरलेला. स्पीकरवर गाणी, स्टेजवर वॉर्मअप, सारखे टी-शर्ट घातलेली कुटुंबंच्या कुटुंबं, पोलीस, डॉक्टर, केळीवाले शेतकरी, शाळेची पोरं. साडू ओळखीच्या लोकांना हात करत हिंडत होता. झेंडा पडला आणि मी सुटलो. गोळी कामाला लागली होती. गुडघा असा मोकळा झाला होता की जणू तो माझा नव्हताच. पहिले पाच किलोमीटर सव्वीस मिनिटांत गेले. पोरगा दोनदा मागं वळून म्हणाला, "काका, जोरात होतंय." मी म्हटलं, चल.

दहा किलोमीटर चोपन्न मिनिटांत. रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत होते. पाण्याच्या टेबलांवर अर्थातच केळी होती. जळगावात नसतील तर कुठं असणार? मी केळं घेतलं नाही आणि पाणीही घेतलं नाही, कारण थांबलं की सेकंद जातात. ऊन वर आलं तसा घाम वाढला. खान्देशातलं डिसेंबरचं ऊनसुद्धा ऊनच असतं, सकाळी गारठ्यात स्वेटर शोधणारा माणूस नऊ वाजता सावली शोधतो.

चौदाव्याच्या पुढं पोराची चाल बदलली. आधी आवाज बदलला. दोन्ही बुटांचा ठेका सारखा पडत होता, तो एका बाजूला जड पडायला लागला. पंधराव्याला त्यानं दुभाजकाला हात टेकला आणि खाली बसला. घड्याळात एक तास चोवीस मिनिटं. माझा हिशेब पक्का पाठ होता. दोन तासांच्या गतीनं इथं एक पंचवीस व्हायला हवे होते, म्हणजे मिनिटभर माझ्या हातात होतं.

"काका, तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला.

त्यानंच सांगितलं म्हणून पुढं गेलो, असं मी घरी सांगितलं. खरं असं आहे की तो बोलला तेव्हा माझी पावलं पुढं पडलेलीच होती. ते वाक्य त्यानं माझ्या पाठीला सांगितलं.

पुढच्या सहा किलोमीटरांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सतराव्याला पोटऱ्यांत गोळे आले. अठराव्याला रस्त्याच्या कडेला उलटी झाली, भरिताची. तिथून कधी चाललो, कधी फरफटलो. दोन तास झाले तेव्हा मी कुठल्याशा कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि शाळेतली एक मुलगी मला म्हणत होती, "अंकल, कम ऑन." शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर सगळ्यांत लांब होते. दोन तास अकरा मिनिटं. साडूपेक्षा सात जास्त. त्यानं पुढं येऊन माझ्या गळ्यात मेडल सरळ केलं आणि फोटो काढला. त्या फोटोत मी हसतोय. पोरगा त्याच वेळी रुग्णवाहिकेतून आला आणि बर्फाची पिशवी नडगीला लावून एका खुर्चीवर बसला. मेडिकल टेंटमधल्या डॉक्टरनं सांगितलं, एक्स-रे काढून घ्या, आणि तोवर पाय टेकू नका.

दुसऱ्या दिवशी धुळ्यात एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मी म्हटलं, "बघ, काही नाही." हाडाची अशी बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते, हे मला नंतर कळलं. त्यानं माझ्या शब्दावर पाय टेकला, आठवडाभरानं मैदानावरही जाऊन आला.

मी तोवर स्वतःतच गुंतलो होतो. शर्यतीच्या रात्री लघवी काळ्या चहासारखी झाली, आणि तीही जेमतेम. चेहरा सुजला. क्रिएटिनिन २.८ निघालं. एरवी ते सव्वाच्या आत असतं. सलाईन लावून पडावं लागलं. ज्यांच्या चिठ्ठ्या मी वर्षानुवर्षं वाचत आलो ते डॉक्टर उशाशी उभे राहून म्हणाले, "काय घेतलं होतं?" सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या धंद्याचं नाव केसपेपरवर लिहिलं: औषध विक्रेता.

यातलं विज्ञान मला शिकवायची गरज नव्हती, हीच तर नामुष्की. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात. ती दुखणं वाढवतात, आणि किडनीकडं जाणाऱ्या बारीक रक्तनळ्या मोकळ्याही ठेवतात. माणूस घामानं कोरडा पडला की किडनी त्यांच्याच भरवशावर तग धरते. डायक्लोफेनॅक दुखणं थांबवतं ते ही द्रव्यं बंद करून. म्हणजे मी दारही लावलं आणि पाणीही तोडलं. लांब पल्ल्याच्या धावपटूंवरचा एक अभ्यास २०१७ साली छापून आला. ऐंशी किलोमीटरच्या टप्प्यात आयबुप्रोफेन घेतलेल्यांपैकी निम्म्यांहून जास्त जणांच्या किडनीला इजा झालेली दिसली, नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत साधारण तिसरा हिस्सा. हा अभ्यास मी इस्पितळात पडल्या पडल्या वाचला, पण गिधाडांची गोष्ट तर मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं रंगवून सांगत होतो. डायक्लोफेनॅक टोचलेली ढोरं मेली की गिधाडं ती खायची आणि किडनी निकामी होऊन पटापट मरायची, म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते औषध भारतात बंद केलं. गोष्ट सांगून झाली की मी म्हणायचो, "बघा, किती जहाल औषध आहे, जपून घ्या." आणि पट्टी पिशवीत टाकायचो.

माझी किडनी महिना-दीड महिन्यात ताळ्यावर आली. तेवढ्यात पोराचा पाय एवढा सुजला की त्याच्या खोलीतल्या पोरांनीच त्याला नेलं. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला चीर निघाली. सहा ते आठ आठवडे पळणं बंद, आधी काही दिवस कुबड्या. २ जानेवारी २०२३ पासून राज्यात भरतीची मैदानं सुरू झाली. त्याची तारीख जानेवारीतलीच होती. त्या दिवशी पहाटे तो कवायत मैदानाच्या बाहेर कुबड्या घेऊन उभा होता, खोलीतल्या पोरांच्या पिशव्या सांभाळत. हे मला त्याच्याकडून कळलं नाही, त्या पोरांपैकी एक बँडेज घ्यायला आला होता त्यानं सांगितलं.

त्याची आई गावाहून आली होती. दुकानात येऊन काउंटरपाशी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, "दादा, पोऱ्याना पाय बरा व्हई ना?" मी म्हटलं, होईल. एमआरआयचे पैसे मी भरले होते, ते तिला कळलं होतं, आणि ती मला हात जोडत होती. तेव्हा सांगायला हवं होतं. गोळीचं, दुभाजकाचं, सगळंच. गिऱ्हाईक उभं होतं, दुकानात गर्दी होती, मलाही बरं नव्हतं. सबबी बऱ्याच होत्या, आणि त्यातली एकही तिच्या पुढच्या खेपेला लागू नव्हती. मी तेव्हाही सांगितलं नाही. इस्पितळात डॉक्टरांना मी माझी गोळी सांगितली होती, त्याची नव्हती. आईला तीही सांगितली नाही. तिच्या हिशेबात तिच्या पोरानं जास्त पळून पाय मोडून घेतला आणि शेठनं उपचार केले. दर वर्षी उन्हाळ्यात ती वाळवलेल्या लाल मिरच्यांची पिशवी पाठवते. आमच्या घरचं वर्षाचं तिखट त्यातच होतं.

पुढच्या भरतीचं मैदान जून २०२४ मध्ये लागलं, दीड वर्षानं. तो उतरला. सोळाशे मीटर पाच मिनिटं वीस सेकंदांच्या पुढं गेलं, वीस गुण मिळाले नाहीत. लेखीतही थोडा मागं राहिला. यादीत नाव नव्हतं. त्यात पायाचा वाटा किती आणि गणिताचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मला ते वेगळं काढावंसं वाटतं, यातच काय ते आलं. आता तो अवधानच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. दुकान त्यानं सोडलं तेव्हा बूट परत आणून दिले होते, धुऊन. मी म्हटलं, ठेव रे. तो म्हणाला, "काका, ते माझ्या पायाला लहान होते." म्हणजे एवढे सगळे रविवार तो लहान बुटांत पळाला. मापाचं त्याला कधी विचारलंच नव्हतं. दुकानदारानं दिले ते आणले होते.

मी पुन्हा पळतो. दोन वर्षांनी जळगावलाच परत एकवीस पूर्ण केलं, दोन तास एकतीस मिनिटांत, प्रत्येक टेबलावर थांबून, केळी खाऊन. साडू म्हणाला, "वेळ वाढला." वाढला. आता तो स्वतः दहाच्या वर पळत नाही, त्याचे गुडघे गेलेत, आणि मेडल अजून वाजतं.

भरतीच्या दिवसांत मैदानाच्या आदल्या संध्याकाळी पोरं दुकानात येतात. कुणाची पोटरी, कुणाची मांडी. "काका, उद्या मैदान आहे, एकच गोळी द्या." मी म्हणतो, कुठं दुखतं ते दाखव. बहुतेक जण तळवा फिरवतात. जो बोट रोवतो त्याला मी डॉक्टरकडं पाठवतो, म्हणजे पाठवायला बघतो. तो ऐकून घेतो, पायऱ्या उतरतो आणि दुसऱ्या दुकानात जातो. एकदा एकाच्या मागं गेलोही. तो म्हणाला, "काका, तुम्ही नाही तर दुसरा देईल, माझं वय निघून चाललंय, तुम्हाला काय?" त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही.

हे लिहायला घेण्याआधी मी त्या पोराला फोन केला. शिफ्ट सुटल्यावर दुकानात आला. सगळं सांगितलं, काय काय लिहिणार ते. इतक्या वर्षांत या विषयावर आम्ही पहिल्यांदाच बोललो. तो बराच वेळ ओआरएसच्या बरणीतली पाकिटं सारखी करत राहिला, जुनी सवय. मी विचारलं, त्या दिवशी ओट्यावर गोळी घेताना तुला कळलं नव्हतं का?

"कळलं होतं," तो म्हणाला. "पण तुम्ही दिली होती ना."

मग जाताना वळून म्हणाला, "लिहा. नाव टाकू नका. आणि आईला दाखवू नका, मिरच्या बंद होतील."